पाडून ठेवणारा माणूस

भिंतीपुढे उभा राहिला की तो आधी बोटांच्या पेरांनी टकटक करायचा. मग तिला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यावा तशा आवाजात म्हणायचा, "ताई, समजा झालंच."

काम सुरू व्हायचं असो, अडलेलं असो किंवा त्याने आठवडाभर तोंड दाखवलेलं नसो, वाक्य हेच. तुमच्या घरी कधी स्वयंपाकघराचं काम निघालं असेल तर तुम्हीही या माणसाला ओळखत असाल. त्याची स्कूटर वेगळ्या रंगाची असेल, एवढाच फरक. मी त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्यासाठी नव्हे, त्याच्या बायकोसाठी. तिच्याबद्दल पुढे येईलच.

आम्ही वसईत, गोखिवऱ्याच्या बाजूला राहतो. बिल्डरने दिलेलं स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं की फ्रिज उघडायचा तर ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने आधी बाहेर जायचं. सिंकखाली सतत ओल. शेवटी सोसायटीची परवानगी काढून मधली अर्धी भिंत काढायची, नवा ओटा घालायचा, टाइल्स बदलायच्या असं ठरलं. ऑफिसमधल्या मैत्रिणीने त्याचं नाव सुचवलं. तिचं स्वयंपाकघर त्याने खरोखरच सुंदर केलं होतं. त्याला किती काळ लागला, ते मात्र तिने सांगितलं नाही.

पाडायच्या दिवशी तो बघण्यासारखा होता. कामगाराच्या हातातला घण घेऊन त्याने पहिला घाव स्वतः घातला. माझी मुलं, पहिलीतली स्वरा आणि जेमतेम बोलायला लागलेला ईशान, बेडरूमच्या दारातून माना काढून बघत होती. त्याने स्वराला स्वतःचा चष्मा घातला, छिन्नी धरायला दिली आणि वरून हलकेच हातोडी मारली. "बघ हां बाय, आता उजेड येनार." आणि खरंच, भिंत खाली आली तशी गॅलरीतली उन्हं पहिल्यांदा आमच्या हॉलपर्यंत पोचली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही.

स्वयंपाकघर मोडलं की घर मोडतं म्हणतात. माझा अनुभव असा की ते घरातल्या एकाच माणसाचं मोडतं. नवरा सकाळी दोन केळी घेऊन अंधेरीला जायचा आणि दुपारी कँटीनमध्ये गरम जेवायचा. इंडक्शनची शेगडी बेडरूममध्ये, कपाटाला खेटून. भांडी बाथरूममध्ये उकिडवं बसून घासायची, त्याच जागी नंतर ईशानला आंघोळ घालायची, मग डबे भरून मी कामाला पळायचं. तांदळात धूळ, दुधात धूळ, मुलांच्या भुवयांवर धूळ. ईशानने एकदा गिलाव्याचा तुकडा बिस्किटासारखा चघळला. स्वराच्या बाई म्हणाल्या, रोज ब्रेड आणते ती, घरचं काहीतरी देत जा. घरात तेव्हा सिमेंट होतं.

फोन केला की कारण तयार असायचं. टाइल्सच्या गोदामात पाणी शिरलं. मिस्त्रीच्या सासऱ्याचं बरंवाईट झालं. आज अमावस्या आहे. त्या महिन्यात त्याला दोन अमावस्या आल्या. मी हे त्याला म्हटलं तर तो असा दुखावला, जणू पंचांग मी बिघडवलं होतं.

मधूनच यायचा तो. ईशान धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायचा. मग खिशातून मोजपट्टी निघायची, ती सापासारखी जमिनीवरून सरसरत जायची आणि खटकन परत आत. मुलं हसून लोळायची. तो सिमेंटच्या गोणीवर बसून मी बेडरूममध्ये केलेला चहा प्यायचा, एखाद्या नळाला हात लावायचा आणि स्कूटर काढायचा. टाइल्सच्या रंगाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "साहेबांना फोटो टाकलाय." साहेबांना आमच्या घरात हळदीचा डबा कुठे असतो तेही माहीत नाही. पण रंग साहेबांनी ठरवायचा. आणि माझ्या मुलांना हा माणूस मनापासून आवडायचा, याने तर माझं डोकं अधिकच फिरायचं.

नवऱ्याचं म्हणणं, गरीब माणूस आहे, चार ठिकाणी कामं घेतो, सांभाळून घे. 'सांभाळून घे' हे आपल्याकडे फक्त बाईला सांगतात. गरीब होता तर त्याच्या गरिबीचा भार माझ्याच एकटीच्या अंगावर का?

मग तो शनिवार आला. मी बाथरूममध्ये कढई घासत होते. स्वराची हाक आली, तीही घाबरलेली नाही, चहाडी सांगावी तशी, की ईशान काकांच्या बाटलीतलं पाणी पितोय. मी बाहेर धावले. टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड कोणीतरी पाण्याच्या साध्या बाटलीत ओतून ओट्याच्या विटांपाशी ठेवलं होतं. ईशान झाकण दातांनी उघडायच्या खटपटीत होता. झाकण घट्ट होतं म्हणून माझा मुलगा आज शाळेत जातो. दुसरं काहीही कारण नाही.

मी त्याला फोन केला. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "लागलं नाय ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडून पत्ता घेतला, दोन्ही मुलांना रिक्षात घातलं आणि कामणला, त्याच्या घरी निघाले. नवरा म्हणाला, कुणाच्या घरी जाऊन भांडणं बरं दिसत नाही, निदान मुलांना तरी नेऊ नकोस. मी म्हटलं, मुलांना नेणारच. काय बोलायचं ते त्याने ईशानकडे बघून बोलावं.

गोदामांच्या मागे, मालाच्या ट्रकांची रांग संपते तिथून आत एक गल्ली जाते. तिथे त्याचं बैठं घर. पायरीवर त्याची बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. काटक, सावळी, माझ्याच वयाची असेल. मी कोण ते सांगताच तिने सूप बाजूला ठेवलं आणि मुलांना आधी पाणी दिलं. तेवढ्यात तो खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. चेहऱ्यावर पाहुणे आल्याचा आनंद. या ताई, बसा ताई, चहा घेऊनच जायचं.

मी बसले नाही. रात्रभर जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. बाटलीचं सांगितलं तेव्हा त्याची बायको माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"बाटलीत काय होतं?" तिने विचारलं.

तो म्हणाला, साफ करायचं होतं ते.

"पोराच्या हाताला लागंल असं?"

तो खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घालत राहिला.

तिने मला हाताने खूण केली, "ताई, आत या." मला वाटलं, मला शांत करायला नेतेय. मी तिच्यामागून गेले आणि दारातच थांबले. मागची भिंत नव्हती. तिच्या जागी निळी ताडपत्री बांधलेली. ओट्याच्या विटा अर्ध्यापर्यंत येऊन राहिलेल्या, त्यांच्यावर शेवाळ. कोपऱ्यात टाइल्सची न उघडलेली खोकी, त्यांच्यावर मुलीचं दप्तर आणि वाळत घातलेले कपडे. पलीकडे पडवीत शेगडी, भांडी आणि पाण्याची कळशी. तिथेच त्यांची मुलगी पाढे लिहीत बसली होती.

"ही भिंत पाडली तेव्हा ही पोर पोटात होती," ती म्हणाली. "आता शाळेत जाते. पानी मी अजून बाहेरनं आनते."

मागून त्याने "समजा" एवढंच म्हटलं. तिने वळून पाहिलं आणि पुढचा शब्द त्याने गिळला.

मी भांडायला गेले होते आणि माझ्याजवळचं भांडण तिथे कमी पडलं. मी महिना-दीड महिना धूळ खाल्ली म्हणून एवढी पेटले होते. ही बाई पडवीत पावसाळे काढत होती आणि तिच्यासाठी कोणी रिक्षा करून भांडायला आलं नव्हतं. तिने तक्रार घेऊन जायचं तरी कोणाच्या घरी? तिचंच तर घर होतं ते.

"उद्या मी येते यांच्यासंगती," ती म्हणाली. "तुमचं आधी होऊ दे."

"आणि तुमचं?"

"माझं मी बघीन." रिक्षापर्यंत सोडायला आली तेव्हा मात्र तिने माझा हात धरला. "नाव नका सांगू कुनाला, ताई. याला काम नाय मिळालं तर उपास आमालाच." मी शब्द दिला. आजही तो पाळताना दात खावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात, आणि त्याच्यामागे ती. गोदामातल्या पॅकिंगच्या कामावर खाडा करून आली होती, माझ्या ओट्यासाठी. रंगाचा रिकामा डबा उपडा करून ती स्वयंपाकघराच्या मधोमध बसली ती काम संपेपर्यंत, रोज. बोलायची नाही. तो हात झटकून उभा राहिला की नुसती बघायची. ईशान तिच्या मांडीवर झोपायला लागला.

आणि काम काय केलं त्याने! टाइल्सचे सांधे आखून काढल्यासारखे, ओट्याची कड हाताला लागत नव्हती इतकी गुळगुळीत, नळाखाली ओलीचा टिपूस नाही. त्याला येत नसतं तर मी एक वेळ माफ केलं असतं. येत होतं. सगळं येत होतं.

शेवटच्या दिवशी ती मुलांना घेऊन खाली गेली होती, तेव्हा मी त्याला विचारलं, जमतं तर मग करत का नाही? तो सांध्यांत बोटाने पांढरं सिमेंट भरत होता. वर न बघता म्हणाला, "पाडताना सगले खूश असतात, ताई. पोरं टाळ्या वाजवतात. बांधायला घेतलं का मानूस मागं उभा राहून चूक शोधतो." पुढच्या सांध्यावरून बोट फिरवत म्हणाला, "घरी तर पयल्यापासून शोधतात."

क्षणभर मला त्याची दया आली, ते खोटं कशाला सांगू. तेवढ्यात ईशान जिन्यावरून हाका मारत आला, मला ती बाटली आठवली आणि दया गेली.

त्यानंतर आमच्याकडे तो आला नाही. यायचं कारणही नव्हतं. दिवाळीनंतर त्याच्या बायकोचा फोन आला, रविवारी पोरांना घेऊन जेवायला या. गेलो. मागची भिंत उभी होती. तिला खिडकी होती. ओटा होता, त्यावर नळ होता आणि नळाला पाणी होतं. तिने शेजारच्या पाड्यातला दुसरा मिस्त्री लावला होता आणि नवऱ्याला सांगितलं होतं, विटेला हात लावायचा नाही. ज्याने जन्मभर लोकांच्या घरात कारणं दिली, तो म्हणे स्वतःच्या अंगणात बसून दुसऱ्या मिस्त्रीने भिंतीला सोडलेला ओळंबा बघत होता.

मी विचारलं, कुठे आहेत? विरारला एक भिंत बघायला गेलेत, ती म्हणाली. तिथल्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले.

तिने आम्हाला आत नव्या ओट्याशेजारी पाट मांडून वाढलं. भाकरी, भात, हलवा माशाचं कालवण. त्याचं ताट मात्र तिने पडवीत नेऊन ठेवलं. स्वराने विचारलं, काका आत नाही जेवत? "नाय," ती सरळ चेहऱ्याने म्हणाली. "आतलं त्याचं नाय."

मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा भात घेतला. तेवढ्यात ती कालवणाचं पातेलं घेऊन पडवीत गेली. त्यातली सगळ्यांत मोठी तुकडी तिने मघापासून बाजूला ठेवली होती. ती त्याच्या ताटात घातली, वर दुसरं ताट उपडं झाकलं, मांजर पाडेल म्हणून त्यावर वरवंटा ठेवला आणि गल्लीच्या टोकाकडे एकदा बघून आत आली.

मला पुन्हा राग आला. कोणाचा, ते मात्र या वेळी सांगता येईना.