दाराकडे तोंड केलेल्या चपला

तुम्ही नातवंडं इथे आलात की हसता, आजीच्या चपला नेहमी दाराकडे तोंड करूनच का ठेवलेल्या असतात म्हणून. ती सवय मोहफुलांच्या दिवसांतल्या एका सकाळची आहे.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. तिथून फार दूर, जंगलातल्या एका लहानशा दवाखान्यात मी नुकतीच नर्स म्हणून आले होते. पहाटे उठायचं, अंथरुणाची घडी घालायची आणि देवापुढे एक वाक्य म्हणायचं: जिथं पाठवशील तिथं जाईन. ते वाक्य मला फार आवडे. म्हणून झालं की मी चहा प्यायला बसे.

त्या सकाळी दाट धुकं होतं. त्यातून मोहाची फुलं टपटप खाली पडत होती. सगळी हवा गोड झाली होती. धुक्यातूनच एक माडिया आदिवासी म्हातारी समोर उभी राहिली.

"बाई, चाल. माही पोरगी अडली. लेकराचा पाय दिसून राह्यला."

पायाळू मूल! डॉक्टर चांद्याला गेलेले. मी एकटीनं एकही बाळंतपण केलं नव्हतं. माझ्या हातून ती पोरगी गेली तर? मी आत जाऊन चपला शोधू लागले. त्या खाटेखालीच होत्या, मला दिसत होत्या.

आमची स्वयंपाकीणबाई चुलीपुढून म्हणाली, "रोज देवाले म्हणता ना, पाठव म्हणून? आता त्यानं पाठवलं तं चप्पल सापडून नाई राह्यली?"

मी अनवाणीच निघाले.

नाल्यापलीकडे, गावाबाहेर कुडाची झोपडी होती. म्हातारी वीस पावलांवर थांबली. त्यांच्यात बाळंतिणीला कुणी शिवत नसे.

"आत गेली तं तुले बी तिच्यासंगं इथीच राहा लागते," ती म्हणाली.

मी आत गेले. कुडाच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा येत होत्या. आढ्याला बांधलेली दोरी धरून पोरगी उकिडवी बसली होती. शिकवलं होतं तसं मी तिला आडवं व्हायला सांगितलं. तिनं मान हलवली. मी हात ओढला, तिनं दोरी आणखी घट्ट धरली. मग माझ्या ध्यानात आलं, मला इथं पाठवलं होतं. सगळं मलाच ठाऊक असेल असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिचा हात सोडला आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले.

पाय आले, पाठ आली, आणि किती वेळानं कोण जाणे, डोकं आलं. मी फक्त झेललं.

"रडलं का?" बाहेरून आवाज आला.

"रडलं, आजी!"

"मंग तू काऊन रडून राह्यली?"

कितीतरी दिवस मी तिथंच राहिले. वीस पावलांवर पानावर भात ठेवलेला असे, आणि फुलं पडत असत.

परतले तेव्हा चपला खाटेखाली तशाच होत्या. मी त्या उचलून दाराशी नेल्या आणि दाराकडे तोंड करून ठेवल्या. बोलावणं आलं की भीती वाटते, ती अजून वाटते. पण चपला शोधाव्या लागत नाहीत.