संत माउरेलोचा हात

सेराल्ता गावात कानियोला आपल्या दारात पाहून कुणाला आनंद होत नसे. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. टोपल्या विणायचा आणि चर्चची घंटा वाजवायचा. पण संत माउरेलोचा हात वाहून न्यायचं काम त्याच्या घराण्याकडे होतं, आणि गावात कुणी अंथरुणाला खिळलं की तो हात छातीशी धरून कानियोच चढण चढत यायचा.

हात म्हणजे कोपराखालची हाडं. चांदीची बाही आणि चांदीचा पंजा घडवून त्यात ती बसवली होती. मनगटाशी काचेची बारीक खिडकी होती, आतलं हाड मेणासारखं पिवळं दिसायचं. आजाऱ्यानं त्या काचेला ओठ लावायचे.

हे काम खरं तर थोरल्या भावाकडे, एजिदियोकडे जायचं. त्यानं भीतीनं अंग काढून घेतलं, म्हणून बापानं धाकट्याला बोलावलं.

"माणूस उठणार असेल तर हात हलका लागतो," बाप म्हणाला. "जाणार असेल तर जड होतो. बाकी कुणाला कळत नाही, आपल्या रक्तालाच कळतं. तू फक्त चेहरा दगडासारखा ठेव."

कानियोला तेवढंच जमलं नाही. लोक हाताकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत. म्हातारी वितोरियानं तर पडल्या पडल्या विचारलं, "जड आहे ना रे? खरं सांग. सुनेच्या हातचं सूप अजून वर्षभर गिळायला लावू नकोस." हात हलका होता. त्याचा चेहरा बघून म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "मेल्या, तुझा काही म्हणून उपयोग नाही!"

मग एजिदियोची मुलगी तापानं आजारी पडली. कानियो हात घेऊन आत आला तेव्हा उंबऱ्यावरच हाताच्या ओझ्यानं तो खाली वाकला. एजिदियोनं ते पाहिलं. पोर गेल्यावर त्यानं भर रस्त्यात भावाची गचांडी धरली. "तू आलास आणि तिनं तुझं तोंड पाहिलं. तिथंच ती हरली. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस!" त्यानंतर कित्येक वर्षं दोघं भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसत आले.

एका वसंतात, सणाच्या आधी, कानियो चर्चमध्ये हाताची चांदी घासायला बसला. गावात कुणीच आजारी नव्हतं. त्यानं हात उचलला, आणि तो इतका जड लागला की खाली आपटता आपटता वाचला.

फादर प्रॉस्पेरोंनी तोच हात एका हातानं सहज उचलला. "खांदा भरून आलाय तुझा, कानियो. तेल चोळून घे."

कानियोला वाटलं, आपलीच वेळ आली. पण हात घेऊन तो दाराकडे वळला तेव्हा ओझं वाढलं, मागे फिरला तेव्हा उतरलं. हात त्याला कुठंतरी नेत होता.

भर उन्हात तो गल्लीगल्लीतून निघाला. दारं पटापट लागत गेली. "पुढं हो, कानियो, पुढं हो!" एक बाई खिडकीतून ओरडली. "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत!" खाटीक सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. कानियो पुढे सरकला की त्या घरातून सुटकेचा निःश्वास ऐकू यायचा. पाणवठ्यापाशी हात जड झाला. उतारावर आणखी जड झाला. शेवटी त्याला दोन पावलंही पुढे जाववेना, आणि समोर एजिदियोचं घर होतं.

एजिदियो अंगणात शेंगा सोलत होता. गालावर लाली, दंड अजून बैलासारखे. भावाला पाहून तो उठला.

"कुणासाठी आणलास?"

कानियोनं आयुष्यात पहिल्यांदा चेहरा दगडासारखा ठेवला. "माझ्यासाठी, दादा. माझी वेळ आलीय. म्हटलं, जाण्याआधी एकदा तुला भेटावं."

एजिदियोनं शेंगांची टोपली खाली ठेवली. मग आत वळून ओरडला, "सेराफिना, एक ताट जास्त वाढ."

हात स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पाव, चीज आणि वाइन आली. एजिदियोनं भावाला घरी जाऊ दिलं नाही. "मरायचंच आहे तर माणसांत मर," तो म्हणाला. मुलीचं नाव त्यानं स्वतःहून काढलं. ती कशी प्रत्येक बकरीला नाव द्यायची ते सांगताना दोघं हसले. तो आठवडा तसाच गेला. कानियो भावाच्या प्रत्येक श्वासाकडे कान लावून बसायचा.

रविवारी सकाळी अंगणात, मांडीवर शेंगांची टोपली घेऊन बसल्या जागी, एजिदियो गेला. कानियो धावत आत आला आणि त्यानं हात उचलला. त्यात काही नसल्यासारखा तो वर आला.

दफन झाल्यावर कानियो सेराफिनासमोर मान खाली घालून बसला. "वहिनी, मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे, भाऊजी." ती ताटं पुसत होती. "पहिल्या दिवशी तुम्ही हात धुवायला गेलात, तेव्हा ह्यांनी संताचा हात उचलून पाहिला. दोन्ही हातांनी. टेबलावरून तसूभर हलला नाही. घामाघूम होऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, त्याला काही बोलू नकोस. बिचारा माझ्यासाठी एवढं धडपडून खोटं बोलतोय."

कानियो उठून अंगणात गेला. सोललेल्या शेंगांवर माश्या बसल्या होत्या. त्यानं टोपली झाकली.

सणाच्या मिरवणुकीत त्या वर्षी कानियोनं हात वाहायला नकार दिला, म्हणून घराण्याबाहेरचाच माणूस तो धरून पुढे होता. हलका आहे, काही त्रास नाही, असं तो हसत हसत सांगत होता. पाणवठ्यापाशी हात जवळ आला आणि बायकांनी ओठ लावायला गर्दी केली. तो हात सेराफिनापर्यंत पोचू नये म्हणून कानियो तिचा दंड धरून तिला हळूच मागे घेऊन गेला, आणि मिरवणूक पुरती वळेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला.