एकदाच विचारणारी भाषा

निकाल कळायच्या आधी पेढे आणणारा माणूस एक तर फार श्रद्धाळू असतो, नाहीतर तो मी असतो. आमच्या आतेसासूबाई, म्हणजे सौ.च्या सख्ख्या आत्या, पुण्याहून एम. ए. जर्मनची शेवटची तोंडी परीक्षा देऊन नगरच्या स्टँडवर उतरल्या, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीच्या दारातच उभा होतो. मागच्यांना वाट न देता मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि वाकून नमस्कारही केला. आत्याबाईंनी पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, मी नापास झालेय." त्यांच्यामागे उतरायला खोळंबलेला कंडक्टर म्हणाला, "मंग त्यात पेढ्याचा काय दोष, आजी? खाऊन टाका आन् खाली उतरा."

माझा विश्वासच बसेना. उद्या काही अघटित घडून जर्मन भाषा जगातून नाहीशी झाली, तर ती आत्याबाईंच्या एकट्या जामखेडातून पुन्हा उभी करता येईल, असं माझं ठाम मत आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आत्याबाईंना शेजारणींनी भजनी मंडळात ओढलं, तर त्या टाळाच्या ठेक्यावर मनातल्या मनात जर्मन क्रियापदं चालवायच्या. मग आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, असं पायरी पायरीने चढत त्या एम. ए.च्या वर्गात जाऊन बसल्या. रविवारी जामखेडहून आमच्याकडे मुक्काम, सोमवारी पुणं, शुक्रवारी परत. वर्गातल्या सगळ्या मुली नातीच्या वयाच्या. कुणाला कंपनीत जायचंय, कुणाला थेट बर्लिनला. "आजी, तुम्ही कशाला शिकता?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ह्या म्हणाल्या, "मला गप्पा मारायच्यात." आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी सरावासाठी जर्मन चिठ्ठ्या चिकटवल्या. सौ. वास घेऊन डबा ओळखते. मी चिठ्ठीवर विसंबलो आणि घरी आलेल्या साहेबांना मिठाचा चहा पाजला. साहेबांनी तो सभ्यपणे संपवला, हे मला जास्त लागलं.

त्यांनी वाचलेली प्रत्येक जर्मन गोष्ट शनिवारी जामखेडच्या ओट्यावर मराठीत सांगितली जायची. एका कादंबरीतला नायक अर्धं पुस्तक खिडकीत बसून बाहेरचं बर्फ बघत राहतो. ते ऐकून शेजारीण म्हणाली, "त्याला रानात काय काम न्हाई का वो बाई?"

"अगं, तो दुःखी आहे."

"मंग काय झालं? आमी दुखी नसतो व्हय? म्हून काय खिडकीत बसतो का?"

हे मत आत्याबाईंनी पुढच्या आठवड्यात वर्गात जर्मनमधून मांडलं. तास संपेपर्यंत त्यावर भांडण चाललं होतं म्हणे. अशी बाई नापास होते कशी?

ते कळायला आधी त्यांचं 'नको' कळलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी 'हो' म्हणत नाही. पहिल्या 'नको'चा अर्थ 'विचारलंत, बरं वाटलं' एवढाच. दुसऱ्याचा अर्थ 'विचारत राहा'. तिसऱ्यांदा मात्र विचारायचं नसतं, वाढायचंच असतं. आत्याबाई ह्या विद्येत पारंगत. त्यांच्याइतकं गोड 'नको' मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तहानेने जीव चाललेला असला, तरी पाण्याच्या पहिल्या तांब्याला त्या 'असू दे गं' म्हणणार.

तर तोंडी परीक्षेला खास जर्मनीहून आलेल्या एक बाई होत्या. आत्याबाईंचा विषय होता, घर सोडायला तयार नसलेल्या एका म्हातारीची कादंबरी. निम्मं सांगून झालं. खरं बोलायचं ते पुढेच होतं. तेवढ्यात परीक्षक बाईंनी हसून विचारलं, आणखी काही सांगायचंय का? आणि आत्याबाई लाजून म्हणून गेल्या, "नाइन, डांके." नको, आभारी आहे. "मला वाटलं, म्हणेल, 'अहो, बोला ना,'" आत्याबाई आम्हाला सांगत होत्या, "तर तिने माझे आभार मानले आणि पुढच्या मुलीला हाक मारली. संध्याकाळी निकाल लावला, त्यात मी नाही. माझ्या तोंडात सगळं तसंच राहिलं गं पोरी."

परीक्षा पुन्हा देता येणार होती, पण त्यानंतर संधी नव्हती. ही हुकली की पदवी गेलीच. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे. आता नको मला ते."

सौ. म्हणाली, "आत्या, हे कितवं नको?"

पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला गेला आणि त्यानंतरच्या रविवारपासून आमच्या घरात जर्मन कायदा लागू झाला. आत्याबाईंना कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. सौ.ने विचारलं, "आत्या, चहा?" "नको गं." कायद्याप्रमाणे तो कप माझ्यापुढे आला. समोर तोंड कोरडं करून बसलेल्या आतेसासूबाईंच्या देखत त्यांचा चहा पिण्याइतकी अवघड परीक्षा कुठल्याच विद्यापीठात नसेल. मी फुंकर घातली तर त्या कपाकडे बघायच्या, घोट घेतला तर माझ्याकडे. सोमवारी त्या तशाच पुण्याला उजळणीला गेल्या. मी सौ.ला म्हटलं, "अगं, माणुसकी म्हणून तरी." ती म्हणाली, "जर्मनीत माणुसकी एकदाच विचारते."

पुढच्या रविवारी हुलग्याचे शेंगोळे होते. त्यांच्यावर आत्याबाईंचा जीव. पहिली वाटी संपली. सौ.ने पातेल्यात पळी घातली आणि विचारलं, "आणखी?"

"न...," म्हणून त्या थांबल्या. पातेल्याकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "हो. वाढ." आणि पदर तोंडाला लावला. "हावरटासारखं वाटतं गं."

"आत्या, एवढं काय अवघड आहे त्यात?"

त्यावर त्या शेंगोळे चमच्याने उगीचच फिरवत राहिल्या. "अगं, माझी मॅट्रिक झाली तेव्हा आबांनी, तुझ्या आजोबांनी, मला विचारलं होतं. ओट्यावर पान जुळवत बसले होते. म्हणाले, 'भाषा शिकायला पुण्याला जायचंय का?' मी म्हटलं, 'नको.' मला वाटलं, पुन्हा विचारतील. ते 'बरं' म्हणाले आणि पान तोंडात घातलं." त्या हसल्या. "विचारतील म्हणून मी संध्याकाळपर्यंत ओट्याचाच केर काढत होते."

मला प्रत्येक प्रसंगावर काहीतरी विनोद सुचतो, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी फक्त त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं.

दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा झाली. परीक्षक बाई त्याच. त्याच जागी त्यांनी तेच विचारलं, आणखी काही सांगायचंय का? आणि आत्याबाई म्हणाल्या, "हो. पुष्कळ सांगायचंय." मग त्या म्हातारीवर बोलल्या, तिच्या घरावर बोलल्या, खिडकीत बसणाऱ्याला शेजारीण काय म्हणाली तेही सांगून झालं. शेवटी परीक्षक बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवून हात जोडले. बाहेर बसलेल्या मुलींना वाटलं, आजी भांडतायत.

पास झाल्या. पेढे मी ह्या वेळी गुणपत्रिका डोळ्यांनी बघून आणले. जेवायला बसल्यावर सौ.ने विचारलं, "आत्या, भात?" आत्याबाई म्हणाल्या, "हो." सरळ, स्पष्ट, पहिल्याच झटक्याला. आणि खरं सांगायचं तर सौ.चा हात भातवाडीवर क्षणभर तसाच राहिला. पुढचा आग्रह तिच्या ओठांवर तयार होता, तो आता कुठे ठेवायचा ते तिला कळेना. मलाही ते जेवण थोडं लवकरच आटोपल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांना जामखेडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून हात हलवत त्या दिसेनाशा झाल्या. स्कूटरवरून परत येताना रसवंती लागली, घुंगरं वाजत होती. मी वेग कमी करून विचारलं, "रस घ्यायचा का गं?"

"नको," सौ. म्हणाली.

मी "बरं" म्हटलं आणि गाडी पुढे काढली. चौक ओलांडला, सिग्नल गेला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "अहो, मला काही जर्मन येत नाही. मला आपलं दोनदा विचारत जा."