दार धरा!

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर आज पाककृती नाही. आज त्या नव्या ग्राहक न्यायालयात काय झालं ते ऐका!

आमच्या मोटारीचं मागचं दार वळणावर आपोआप उघडतं. म्हणून आमचे हे गाडी चालवताना "दार धरा!" ओरडतात आणि आम्ही धरतो. दिवाळीत इतवारी बाजाराच्या वळणावर हे ओरडायला विसरले, सासूबाई रस्त्यावर पडल्या, हात मोडला. आम्ही मोटार कंपनीवर दावा ठोकला. कंपनी म्हणते, दारात दोष नाही, तुम्हीच नीट लावलं नसेल.

आज न्यायाधीश म्हणाले, "चला, गाडीत बसूनच बघू." हे गाडी चालवायला, न्यायाधीश शेजारी पुढे बसले. मागे मी, सासूबाई आणि त्या दाराशी कंपनीचे इंजिनिअर. वळण आलं. हे मुद्दाम गप्प राहिले. तरी इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही हातांनी दार गच्च धरलं!

सासूबाई म्हणाल्या, "दार पक्कं आहे म्हणत होता ना बापू? मंग धरलं काहून गा?"

न्यायाधीशांनी मागे वळून पाहिलं. साहेबांचे हात अजून दारावरच होते!

निकाल लागायचा आहे. पण बायांनो, इतके दिवस आम्हीही मुकाट्यानं दार धरतच होतो ना? तुमच्या घरी काय धरून बसलात, सांगा बरं.