यांची दिवंगत बायको

मी वारले हे मला एका पॅन्टच्या निमित्ताने कळलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं अल्टरेशनचं दुकान आहे. नवीन कपडे मी शिवत नाही. उसवलेलं जोडते, लांब असेल ते आखूड करते, बिघडलेली चेन बदलते. त्या दिवशी बाहेरगावच्या एक बाई पॅन्ट घेऊन आल्या. पायऱ्या चढताना टाच अडकून तिची दुमड सुटली होती. आदल्या दिवशी त्यांनी ‘एका दिवसात पायी राजधानी’ नावाची सहल केली होती. आमचं शहर कोणे एके काळी राजधानी होतं, आणि ही सहल चालवतात ते आमचे हे. मी तसं काही बोलले नाही. परकी बाई आपल्या नवऱ्याचं कौतुक करत असेल तर मध्ये तोंड घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

कौतुक बरंच झालं. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण बिचाऱ्यांची बायको गेली हो. काय प्रेम होतं दोघांचं. शेवटी बुरुजावर सांगतात ते. आम्ही सगळे रडलो.”

मशीनवरचा माझा पाय थांबलाच नाही. शिलाई दुमड सोडून भलतीकडे गेली आणि ती सगळी उसवून पुन्हा घालावी लागली.

“कशाने गेली?” मी विचारलं.

“ते नाही सांगत. फार हसरी होती म्हणे.”

हसरी म्हटल्यावर माझी खात्री पटली की ती मी नव्हे.

आता यांच्याविषयी सांगायला हवं. बाजारात यांना सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी उत्तर दरवाजापाशी सुरू झाले की राजवाडा, टांकसाळ, दगडी पूल असं करत संध्याकाळी बुरुजावर जाऊनच थांबतात. आधी हे चपलांच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बूट चढवता चढवता यांची जीभ सुटली. दुकान बंद पडलं तेव्हा, एवढं बोलता तर तोच धंदा करा, असं मीच म्हटलं होतं. चपलांच्या दुकानातली एक सवय मात्र गेली नाही. सकाळी माणसं जमली की हे त्यांचे चेहरे बघत नाहीत, पाय बघतात. उंच टाचा दिसल्या की गुळगुळीत फरशीची गल्ली टाळायची. नवे बूट दिसले की पहिली विश्रांती लवकर घ्यायची. दिवसभर माणसं यांच्या लक्षात राहतात ती अशीच, तपकिरी लेसवाले मागे राहिले, निळ्या सँडलवाल्यांना पाणी हवंय.

आणि हा रेडिओ घरी आला की बंद. जिना चढतानाच यांच्या तोंडाला कुलूप लागतं. “दमलो” एवढा एक शब्द, मग चहा, मग गरम पाण्याच्या बादलीत पाय. आज कोण आलं होतं, असं विचारलं तर “होती माणसं.” मला आपलं वाटायचं, बिचाऱ्याचे शब्द दिवसभरात संपत असतील. आता कळलं की ते दुसऱ्या बाईवर उधळले जात होते.

दोन घरं सोडून माझी नणंद राहते. लग्नाआधी यांचं कुणी होतं का, असं मी तिला सरळच विचारलं.

“दादाचं?” ती इतकी हसली की तिला खुर्ची शोधावी लागली. “वहिनी, तू हो म्हणालीस तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसला नव्हता.”

म्हणजे कुणी असलीच तर ती लग्नानंतरची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. ही मेलेली, हिच्या झिंज्या कुठून आणू? दोन दिवस मी यांना वाढलं ते ताट आपटूनच. यांनी विचारलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि ठरवलं, ती बाई कोण ते आपल्या कानांनी ऐकायचं. ती खरी निघाली असती तर मी घरी परत जाणार नव्हते.

माझ्या चपला हे अंधारातही ओळखतात, कारण त्या यांनीच निवडलेल्या. म्हणून नणंदेचे पांढरे बूट मागून घेतले. ते मला घट्ट होत होते, पण रागात तेही चालून गेलं. उन्हाचं निमित्त करून डोक्याला स्कार्फ गुंडाळला, नणंदेचाच गॉगल लावला आणि उत्तर दरवाजापाशी घोळक्यात उभी राहिले.

हे आले. सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबले. “पांढरे बूट नवीन दिसताहेत. चावायला लागले तर लगेच सांगा हं, ताई.”

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला ताई म्हटलं. आणि मला काही चावतंय का, हेही पहिल्यांदाच विचारलं.

पुढे जे ऐकलं त्याने माझा जीव नुसता जळत गेला. राजवाड्यासमोर हे म्हणाले, “इथे आली की माझी बायको आधी खिडक्यांकडे बघायची आणि विचारायची, एवढ्या खिडक्या पुसायचं कोण?” सगळे हसले. राणीच्या सज्जाखाली म्हणाले, “ती वर उभी राहून खालच्या लोकांना हात करायची, राज्य हिचंच असल्यासारखी.” लोक पुन्हा हसले. दगडी पुलावर म्हणाले, “इथे ती माझा हात धरायची. पाय घसरायचा म्हणून नाही. उगीच.” तेव्हा कुणी हसलं नाही, आणि एका नवऱ्याने हळूच आपल्या बायकोचा हात धरला.

मी सज्जात कधी उभी राहिले नव्हते. पुलावर कधी आले नव्हते. मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तिच्या हसण्याचा वाटला, तिच्या हाताचा वाटला, आणि सगळ्यात जास्त वाटला तो यांच्या आवाजाचा. तिच्याबद्दल बोलताना हे देखणे दिसत होते. बादलीत पाय घालून बसणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला. ही आयती जवान, आयती हसरी, आणि यांची चहाची कपबशी विसळायला मी.

बुरुजावर पोचेपर्यंत बुटांनी माझ्या टाचा सोलून काढल्या होत्या. शेवटच्या पायरीवर बसले आणि बूट, मोजे काढून बाजूला ठेवले. खाली सगळी जुनी राजधानी पसरली होती. हे कठड्याला टेकले आणि सवयीप्रमाणे लोकांच्या पायांकडे बघत म्हणाले, “हा बुरुज तिला दाखवायचा राहिला.”

यांची नजर बुटांवरून सरकत सरकत माझ्या उघड्या पायांशी आली. मशीनचं पायडल मारून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय. यांनी तो पाहिला आणि यांचं बोलणं तिथेच तुटलं. मी गॉगल काढला.

लोकांना वाटलं, दुःखाने कंठ दाटला. एकाने यांच्या पाठीवर हात ठेवला. हे कसंबसं “एवढंच” म्हणाले आणि सगळ्यांचा निरोप घेतला. माझ्याजवळून उतरताना एक बाई डोळे पुसत म्हणाली, “किती प्रेम, ना?”

“हो ना,” मी म्हटलं. “नशीबवान होती मेली.”

वर आम्ही दोघंच उरलो.

“मी वारले कधी?” मी विचारलं.

हे कठड्याच्या दगडावर नख घासत राहिले. मग म्हणाले, “लोक विचारायचे, बायको येते का कधी बरोबर. नाही म्हटलं की विचारायचे, का. रोज नवी माणसं, रोज तेच. दुकान असतं, पाय दुखतात, काहीबाही सांगायचो. एकदा तोंडातून गेलं, ती आता नाही. त्यानंतर का, असं कुणी विचारलं नाही.”

“म्हणून माणसाने बायको मारून टाकायची?”

“चुकलंच.”

“आणि ती हसरी? सज्जातून हात करणारी? ती कोण?”

“तूच की,” हे म्हणाले. “म्हणजे, तू आली असतीस तर.”

दुसरी कुणी नाही हे ऐकून माझा जीव थंड व्हायला हवा होता. तो झाला नाही. खरी बाई असती तर ती कधीतरी भांडली असती, आजारी पडली असती, तिच्याही हातचा चहा एखाद दिवशी पाणचट झाला असता. ही रोज दिवसभर चालते आणि हिचे पाय दुखत नाहीत. हिच्याशी मी कशी पुरी पडू?

यांनी माझे बूट उचलून जवळ आणून ठेवले. “चावतात तर घालू नकोस. हळूहळू उतरू. चल.” आणि गप्प झाले. रेडिओ बंद. सकाळपासून अनोळखी माणसांसाठी चाललेला आवाज माझ्यापाशी आला आणि संपला.

“बसा,” मी म्हटलं. “बुरुज तिला दाखवायचा राहिला, इथवर आला होतात. पुढचं सांगा.”

“तुला?”

“मीही सकाळपासून चालतेच आहे. सगळ्यांना सांगता ते मला सांगा.”

“अगं, ते आपलं लोकांसाठी…”

“तिच्याबद्दल सांगा.”

हे खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ माझ्या सोललेल्या टाचांकडे बघत राहिले. मग घसा खाकरला आणि त्या दुसऱ्या, माझ्या घरात कधी न आलेल्या आवाजात म्हणाले, “ती फार हसरी होती.”

मी ओठ घट्ट मिटून ऐकू लागले. एकेक शब्द काळजाला झोंबत होता. तरी हे थांबले की मी म्हणायची, “मग?”