नानांचा एकच स्पॅनिश प्रश्न

आमच्या चाकणच्या कंपनीतलं भंगार दर महिन्याला लिलावात जातं. किस्से मात्र कुणी उचलत नाही, ते साचतच राहतात! त्यातला सगळ्यात मोठा ढीग स्पॅनिशच्या क्लासचा.

झालं असं, की मेक्सिकोत आमचा नवा प्लांट निघाला. लाइन बसवायला इथून एक अनुभवी माणूस पाठवायचा होता. इच्छुकांसाठी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ट्रेनिंग रूममध्ये क्लास सुरू झाला. शिकवायला चिंचवडच्या सायली मॅडम. विषय एकच, प्रश्न कसे विचारायचे.

*

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं एक प्रश्न विचारा. मराठीत चालेल."

सगळ्यांनी माना वहीत घातल्या!

मॅडमना वाटलं, लाजतात बिचारे. त्यांना कोण सांगणार, की आमच्याकडे जो विचारेल त्यानंच ते काम करायचं, असा रिवाज आहे? आमच्या क्वालिटीच्या संतोषनं एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं, "कॅन्टीनचा पंखा बंद का आहे?" तेव्हापासून पंखा बिघडला की फोन त्यालाच येतो. इंजिनियर आहे राव तो!

शेवटी संतोषनंच धीर केला. "मॅडम, आम्ही विचारलं, तर पुढचा तास आम्हालाच घ्यावा लागणार नाही ना?"

*

आता नाना. नाना म्हणजे मोशीचं जुनं शेतकरी घराणं आणि आमच्या प्रेस शॉपचे सुपरवायझर. रिटायरमेंट तोंडावर आलेली, पण विमानात एकदाही बसलेले नाहीत. मेक्सिकोचं नाव निघालं आणि पहिल्या बाकावर नाना!

स्पॅनिशमध्ये प्रश्न लिहिताना सुरुवातीलाच एक उलटं प्रश्नचिन्ह घालतात. फळ्यावर ते बघून नाना खूश झाले.

"लई शानी मान्सं! आमच्या साहेबाच्या कपाळाव आसं आधीच दिसलं आसतं, तर आमी येळंवर चहाला तरी गेलो आस्तो."

*

मॅडमनी मग सोपी युक्ती सांगितली. साधंच वाक्य बोलायचं, फक्त शेवटी आवाज वर न्यायचा, की झाला प्रश्न.

जन्म प्रेस शॉपच्या धडधडाटात गेलेल्या माणसाचा आवाज मुळातच वर असतो. नानांनी तो आणखी वर नेला. गेटवरचा सिक्युरिटीवाला काठी घेऊन धावत आला!

*

पुस्तकात प्रश्न होते, "म्युझियम कुठे आहे?" आणि "हवा कशी आहे?" नानांना काही ते पाठ होईनात.

मॅडम म्हणाल्या, "बरं नाना, नवा माणूस भेटल्यावर तुम्ही काय विचारता?"

"गाव कोनतं, जमीन किती, पगार किती, पोराचं लगीन का न्हाई झालं."

"नाना, परक्या माणसाला पगार आणि लग्न विचारायचं नसतं."

नाना खरोखरच गोंधळले. "मग दिवसभर बोलत्यात काय?"

*

परीक्षा जाहीर झाली, आणि त्याच आठवड्यात मोशीच्या चौकात फ्लेक्स लागला! 'मेक्सिको दौऱ्यानिमित्त नानांचे हार्दिक अभिनंदन.' मध्ये गॉगल लावलेले नाना, भोवती शुभेच्छुकांचे एवढे चेहरे, की विमानात मावायचे नाहीत.

"नाना, अजून परीक्षा व्हायचीय!"

"पुतन्यानं लावला, भावा. आता उतरवायचा कसा?" नाना हसले, पण चेहरा पडला होता. मला मनापासून वाईट वाटलं. नापास झाले असते, तर रोज त्याच फ्लेक्सखालून त्यांना कंपनीची बस पकडावी लागली असती.

मॅडमनाही दया आली. त्यांनी नानांना एकच प्रश्न घोटून दिला. "ई ल्वेगो?" म्हणजे, "मग?"

*

परीक्षा घ्यायला मेक्सिकोहून मिगेल साहेब आले. अट अशी, की नुसते प्रश्न विचारून साहेबांना दहा मिनिटं बोलतं ठेवायचं. काचेच्या केबिनमध्ये साहेब, शेजारी मॅडम, आणि बाहेर काचेला नाक लावून आम्ही.

संतोषनं म्युझियम विचारलं, हवा विचारली. साहेबांनी दोन-दोन शब्दांत उत्तरं दिली. संतोष दोन मिनिटांत बाहेर!

मग नाना गेले. खुर्ची साहेबांजवळ ओढली. मोठ्या कष्टानं त्यांचं गाव विचारलं. साहेबांनी सांगितलं.

नाना पुढे वाकले. "ई ल्वेगो?"

साहेब थोडं बोलले. नानांनी मान डोलावली. "ई ल्वेगो?"

साहेब हातवारे करायला लागले, हात डोक्याच्या वर नेऊन कुणीतरी मोठा दाखवला. टेबलावर बोटानं एक रेघ ओढली, मग तिच्या आत दुसरी. नानांनी कपाळाला हात लावला. "ई ल्वेगो?"

दहा मिनिटांची वीस झाली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, नानांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मॅडमना म्हणाले, "मला हाच माणूस पाहिजे. याला माझं सगळं कळतं!"

बाहेर आल्यावर मॅडमनी नानांना कोपऱ्यात घेतलं. "नाना, खरं सांगा. साहेबांचं तुम्हाला काय कळलं?"

"एक शबुद न्हाई, मॅडम," नाना घाम पुसत म्हणाले. "पन थोरल्या भावानं शेताचा बांध कोरलाय त्यांचा. व्हय ना?"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "व्हय," म्हणाल्या.