लमझन्याची नात

ती चौकशी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आता दुपारी खुर्चीत डोळा लागला की दिसतात त्या गिरडच्या टेकडीवरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या आणि त्यांच्याकडे बघत गप्प बसलेला एक म्हातारा.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना माझी बदली जात पडताळणीच्या दक्षता पथकात झाली. आमच्या खात्यात ही अडगळीची जागा समजतात. मीही आधी खूप धुसफुसलो. काम असं असतं: राखीव जागेवर कॉलेजात प्रवेश हवा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. समितीला शंका आली की आमच्यासारखा अधिकारी घरी जातो, जुने दाखले तपासतो, जबाब घेतो आणि अहवाल देतो. निर्णय समितीचा. चोर पकडायचा नाही, माणूस सांगतो तो तोच आहे का, एवढंच बघायचं. सोपं वाटतं ना? एकदा करून बघा.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गोंड कुटुंबातली मुलगी. डॉक्टरकीच्या प्रवेशयादीत तिचं नाव लागलं होतं. कागदपत्रांच्या पडताळणीचा दिवस तोंडावर आला होता. त्या दिवशी वैधता प्रमाणपत्र दाखवलं नाही तर जागा पुढच्या मुलाला जाणार. आणि नेमका तेव्हाच समितीकडे एक निनावी अर्ज आला.

अर्ज लहानसाच होता. मुलीच्या आजोबांचं आणि आजीच्या माहेरचं आडनाव एकच आहे, दोघंही सहा देवे, तेव्हा वंशावळ बनावट आहे. गोंडांमध्ये कुळांची वाटणी देवांच्या संख्येवरून होते. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. आडनावावरून देव कळतात. संख्या सारखी असली की ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही म्हणजे नाहीच. मी वंशावळ काढून पाहिली. आडनावांबद्दल अर्ज करणाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला चिंता वाटली ती याचीच.

निनावी अर्जात काय लिहिलंय यापेक्षा लिहिणाऱ्याला काय माहीत आहे, हे मी आधी बघतो. आजीच्या माहेरचं आडनाव गावातल्या पोरासोरांना ठाऊक नसतं. हा माणूस घरातला किंवा सोयऱ्यांतला होता.

सकाळी रवानगीची नोंद करून हवालदाराला घेऊन मुलीच्या गावी निघालो. पावसानं उघडीप दिली होती. सोयाबीनच्या शेतांवर पातळ धुकं होतं, गिरडच्या टेकडीवरचा दर्गा त्या धुक्यात मधेच दिसायचा, मधेच नाहीसा व्हायचा. जीप चालवत असूनही आपण कुठे जातोय हे मला क्षणभर विसरायला झालं.

मुलीनं ओसरीवरच्या खाटेवर सगळे कागद मांडून ठेवले होते. तिचे वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जात. "बसा न जी साहेब," म्हणत त्यांनी दुसरी खाट ओढली.

"सर, टीसी, मार्कमेमो, डोमिसाईल, सगळं ओरिजनल हाय," मुलगी म्हणाली. "झेरॉक्सचे संच साक्षांकित करून ठेवले. फक्त वैधताच नाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माही जागा जाईन का जी?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो. पोलिसांचं हे ठरलेलं उत्तर. त्या दिवशी ते उच्चारताना माझं मलाच वाईट वाटलं.

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "आबाजी, तुमचे देव किती?"

"सात."

"अजी बाबा, सहा न!" वडील एकदम म्हणाले. "आपले सहा हायेत."

म्हातारा समोरच्या टेकडीकडे बघत राहिला. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत गप्प बसणं हे दरडावण्याहून जास्त कामाला येतं, हे मला उशिरा कळलं, पण पक्कं कळलं. सावल्या टेकडी चढत राहिल्या. कोंबड्या खाटेखालून गेल्या. हवालदार चुळबूळ करायला लागला. किती वेळ गेला कोण जाणे, मलाच झोपेत असल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी म्हातारा हळूच म्हणाला, "ते लिवू नका साहेब. पोरगी आयकून राह्यली."

याहून जास्त तो बोलेना. मी वडिलांना बाजूला घेतलं. आजीच्या माहेरचं आता कोण आहे? एकच भाचा, जाम गावच्या चौकात टायर-पंक्चरचं दुकान, येणं-जाणं बंद. झालं, मला एवढंच हवं होतं.

जामला पोचलो तेव्हा भाचा ट्रकचं चाक उतरवत होता. मी अर्जाचं नावही काढलं नाही. चहा सांगितला आणि हसत म्हणालो, "मजा आहे बुवा तुमची! तुमच्या आडनावाची पोरगी डॉक्टर होणार."

त्यानं पाना खाली आपटला. "आमच्या आडनावाची? कायची आमच्या आडनावाची जी! बुढा लमझना होता आमच्या घरचा. माह्या आज्यानं ठेवला होता. पोराले शाळेत घातलं तवा गुरुजीनं ईचारलं, कोनाच्या घरचा? यानं आज्याचंच आडनाव सांगतलं! तो सात देववाला, टेकडीच्या पल्याडचा. देव त्याचे येगळे आन आडनाव आमचं घेऊन बसला. बोलाचं नाई का मंग आमी?"

लमझना म्हणजे मुलीच्या बापाला रिवाजाप्रमाणे द्यायला काही नसलेला मुलगा. तो लग्नाआधी तिच्या घरी राहतो, वर्षानुवर्षं राबतो आणि मग ती त्याला मिळते. माझी ट्यूब पेटली. कागदावर सहाला सहा दिसत होते, कारण आजोबांचं आडनाव त्यांचं नव्हतंच.

"हे जबाबात घेऊ का?" मी विचारलं.

"घ्या न! भेतो का मी कोनाले?"

जबाब झाला, सही झाली. मग मी त्याला शांतपणे समजावलं: बाबा रे, त्या पोरीचा आजा सात देवांचा गोंड आहे, हे आत्ता तूच लिहून दिलंस. त्यानं खाली पडलेला पाना उचलला. "म्हंजे तिचं काम होते आता?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, बहुतेक. "होऊ द्या मंग," तो म्हणाला. "पन आडनाव आमचं नाई, येवढं नीट लिवजा."

खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. त्याची तक्रार खोटी नव्हती, फक्त तिच्यामुळे एका पोरीचं आयुष्य चिरडलं जाणार होतं आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला जीपमध्ये घेतलं. नात हट्टानं सोबत आली. टेकडीला वळसा घालून आम्ही पल्याडच्या गावी पोचलो. एका अंगणात एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. तिनं आमच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, उठली आणि काही न बोलता दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. धाकटी बहीण. मग दोघं गोंडीत बोलत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. पोलीस पाटील आणि कुळातले जाणते जमले, जबाब झाले. तहसिलातली आजोबांच्या मूळ आडनावाची जुनी नोंदही जुळली.

परतताना म्हातारा आपणहून नातीशी बोलला. "गावातले पोट्टे मले लमझना म्हनून चिडवत. लाज वाटे. म्हनून घरी कोनाले सांगतलं नाई." मग म्हणाला, "पन तुह्या आजीले रोज पाहाले भेटे. राबनं काई जड नाई गेलं."

मी समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होतो. माझे डोळे भरून आले होते. हवालदारानं खिडकीबाहेर तोंड केलं होतं, म्हणजे त्याचंही तेच.

अहवाल मी त्याच संध्याकाळी पाठवला. आजोबांची मूळ आणि घेतलेलं अशी दोन्ही आडनावं नोंदवून वैधता प्रमाणपत्र वेळेत निघालं. त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. कागद आणि माणूस जुळत नसले की आम्ही पोलीस लगेच माणसाला खोटा धरतो. पण कधी कधी माणूस आपली एखादी गोष्ट लाजेनं झाकून ठेवतो, आणि कागदावर तेवढीच जागा चुकीची भरली जाते. तिथे दंडुका कामाचा नाही. त्याच्यासमोर बसायचं आणि त्याला बोलायला वेळ द्यायचा.

पडताळणीच्या दिवशी मुलीच्या वडिलांचा फोन आला. हॉल भरलेला होता. टेबलावरच्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून विचारलं, आजोबांची आडनावं दोन कशी?

"साहेब, पोरगी मोठ्यानं बोलली जी," वडील सांगत होते. "सगळ्याइले आयकू गेलं. म्हने, माझे आजोबा लमझना होते. आजीसाठी राबले." मग म्हणाले, "बाबा मांगं बेंचवर बसले होते. ते उठून उभे राह्यले जी. कोनी नाव पुकारल्यावानी, ताठ उभे राह्यले."